बोअर चमकतो म्हणून फसू नका: इंजिनकामात या चुका टाळा

दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी निळा धूर मारायला लागली की सल्ला ठरलेला असतो, "पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाका, भागतंय." बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, मोजल्याशिवाय हे ऐकू नका. घासून अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग सगळीकडून टेकत नाही. गाडी पुन्हा ऑइल खाते आणि इंजिन पुन्हा खोलावं लागतं.

बोट फिरवून "गुळगुळीत आहे" म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडानं घासताना पडलेल्या, तिरक्या रेघा पुसल्या गेल्या की बोअर आरशासारखा दिसतो. तो झिजलेला आहे. उलट, रेघा दिसतात म्हणून माप बरोबर असेलच असंही नाही. वरच्या टोकाला नख अडकत असेल तर आधी कार्बन खरवडा. तरीही कड लागली, तर ती झिजेची. ती न काढता पिस्टन वर ठोकलात तर पिस्टनची रिंग बसायची जागा तुटू शकते.

एकाच जागी मोजून थांबू नका. झीज सर्वांत जास्त असते ती वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथे, आणि पिस्टन बाजूला रेटतो त्या भिंतीवर. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी बोअर गेज लावा; प्रत्येक ठिकाणी क्रँकशाफ्टच्या लांबीच्या दिशेनं एकदा, तिला काटकोनात एकदा. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलीच धरा.

गेज नसेल तर एक रिंग घ्या, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. वर ०.७० आणि तळाला, जिथे रिंग घासत नाही तिथे, ०.३९ मिमी आला, तर फरक ०.३१. त्याला ३.१४ नं भागा: बोअर वर ०.१ मिमी मोठा झालाय. ओव्हॅलिटी मात्र यातून कळत नाही, म्हणून रिबोअरचा, म्हणजे बोअर कापून मोठा करायचा, निर्णय बोअर गेजवरच घ्या.

परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळा. उन्हात पडलेला ब्लॉक लगेच मोजू नका. ७५ मिमीचा बिडाचा बोअर ३० अंश जास्त तापला तर साधारण ०.०२५ मिमी मोठा दिसतो. ब्लॉक आणि गेज रात्रभर सावलीत एकत्र ठेवा, सकाळी मोजा.

झीज जास्त निघाली तर एअर फिल्टरचा डबा आणि त्यापुढचा रबरी पाइप नक्की तपासा. शेतरस्त्याची धूळ ढिल्या क्लिपमधून आत गेली तर नवा बोअरही तसाच खाईल.

आणि पिस्टन आधी आणा, रिबोअर मग. लेथवाल्यानं पिस्टन प्रत्यक्ष मोजून, क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) धरूनच बोअर कापायला हवा. डब्यावरच्या आकड्यावर नाही.