वॉशिंग्टनचा पैसा, वर्ध्याचं शेत आणि मधली फाईल

दर उन्हाळ्यात नागपूर विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलेली किंवा एमएसडब्ल्यू झालेली दोन-चार मुलंमुली फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, वर्ल्ड बँकेच्या प्रकल्पात कसं लागायचं?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की तुम्ही वर्ल्ड बँकेत लागणार नसता. बँक कर्ज देते, प्रकल्प राबवतं राज्य सरकारचं खातं. तुमची नेमणूक त्या खात्याच्या प्रकल्प कक्षात होते, बहुतेक वेळा एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आणि अकरा महिन्यांच्या करारावर. टेबलावर बँकेचा लोगो असलेली फाईल असते. पगार मात्र अनुदान सुटलं की होतो. मार्च-एप्रिलमध्ये तो लांबतो, तेव्हा हाताशी थोडी शिल्लक ठेवा.

दुसरं, परदेशी निधीबद्दल आपल्याकडे उगाच दबदबा आहे. नागपुरातच बघा. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी. त्यात केंद्राचा आणि राज्याचा वाटा आहे, आणि त्यातच जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं ५० कोटी युरोंचं आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं १३ कोटी युरोंचं कर्ज. २०१६ साली हे दोन्ही करार झाले. आता शेजारीच समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी, आणि उभारणी मुख्यतः देशातल्याच बँकांच्या कर्जातून व राज्याच्या महामंडळांच्या पैशातून. म्हणजे विदर्भाचं चित्र बदलणारा मोठा पैसा बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीतूनच येतो. परदेशी कर्ज त्यामानाने लहान. त्याचं वजन असतं ते त्याच्यासोबत येणाऱ्या अटींमुळे, आणि तुमची नोकरी म्हणजे त्या अटी सांभाळणं.

अटींचं मोल कळायचं असेल तर गोसीखुर्दचा इतिहास वाचा. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, केंद्राचा निधी आला, खर्च अनेक पटींनी फुगला आणि कालव्यांची कामं पिढी उलटली तरी रखडत राहिली. बँकेच्या पाहणी टीमसारखं दर सहा महिन्यांनी येऊन "मागच्या वेळी ठरलेलं कुठवर आलं?" असं विचारणारं कुणी असतं तर फरक पडला असता असं मला वाटतं. अर्थात बँकेच्या प्रकल्पांनाही मुदतवाढ लागतेच, तिथे काही सोन्याचा धूर निघत नाही. पण उशीर झाला तर तो कागदावर येतो आणि तो कागद कुणीही वाचू शकतं, एवढा फरक मात्र आहे.

आता पैशाचा प्रवास. मुलाखतीत नव्वद टक्के उमेदवार इथेच अडखळतात. राज्याला थेट परदेशातून कर्ज काढता येत नाही. संविधानाच्या २९३ व्या कलमाने राज्यांचं कर्ज देशाच्या सीमेतच ठेवलं आहे. त्यामुळे बँकेचा करार होतो केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागाशी. २००५ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांना हे कर्ज केंद्राकडून जसंच्या तसं, त्याच अटींवर मिळतं. म्हणजे रुपया घसरला तर भार राज्याच्या तिजोरीवर. मग राज्य आपल्या अर्थसंकल्पात तरतूद करतं. ती अपुरी पडली तर पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्येच विधिमंडळापुढे ठेवल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्यांची, वाट बघायची. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्या मांडल्या जातात तेव्हा प्रकल्प कक्षातल्या लोकांचं लक्ष मोर्च्यांपेक्षा त्या पुस्तिकेकडे असतं. खर्च साधारणपणे आधी कोषागारातून होतो, मग खर्चाचा दावा दिल्लीत केंद्राच्या मदत-लेखा नियंत्रकाकडे जातो आणि बँकेकडून प्रतिपूर्ती येते. उचल न केलेल्या कर्जावरही जागतिक बँक वर्षाला पाव टक्का आकार लावते. मंजूर रक्कम नुसती पडून राहिली तरी राज्याला भुर्दंड बसतो तो असा.

"आधी खर्च, मग पैसे" ही रीत थेट शेतापर्यंत पोचते. पोक्रा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, याचा पहिला टप्पा २०१८ मध्ये मंजूर झाला. एकूण ६० कोटी डॉलर, त्यातले ४२ कोटी जागतिक बँकेचे. १५ जिल्हे, पाच हजारांवर गावं. आपल्या बाजूला वर्धा होता. तुषार संच हवा असलेल्या शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, गावच्या कृषी संजीवनी समितीची मान्यता, मग पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची मंजुरी. मग स्वतःच्या पैशाने संच घ्यायचा, बिल चढवायचं, कृषी सहायकाने शेतात उभं राहून जिओ-टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो काढायचा, आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यात अनुदान.

सेलूजवळच्या एका शेतात असा फोटो काढताना मी होते. हरभऱ्यात पाइप पसरलेले, नोझल फिरत होते, आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून फोटो काही अपलोड होईना. शेतकरी बांधावर बसून शांतपणे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, संच घेऊन दोन महिने झाले जी. दुकानदार रोज फोन करते. पैसे काहून नाही आले आजून?" त्याने संच उधारीवर उचलला होता. त्याच गावात पूर्वसंमती हातात असूनही संच न घेतलेले लोकही होते, कारण त्यांना उधार द्यायला दुकानदार तयार नव्हता. आमच्या तक्त्यात त्यांची नोंद "पूर्वसंमती रद्द" एवढीच व्हायची. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच अनुदान सोपं, हा या रचनेतला खरा दोष आहे, आणि देखरेख-मूल्यमापनाचं काम करणाऱ्याने तक्त्यात रद्द झालेल्यांचा वेगळा रकाना आग्रहाने मागून घ्यावा असं माझं मत आहे. रद्द झालेल्यांत अल्पभूधारक किती, भूमिहीन किती, एकट्या बाया किती. वरिष्ठ आधी वैतागतात. बँकेची पाहणी टीम आली आणि तिने तोच प्रश्न विचारला की मग तुमचा तक्ता सगळ्यांना हवा असतो.

ही टीम म्हणजे "मिशन". मिशन येणार म्हटलं की कक्षात लग्नघर होतं. दोन-तीन दिवस बैठका, एक दिवस गावभेट, शेवटी ठरलेल्या गोष्टींचं टिपण. ते टिपण नीट वाचा. पुढच्या सहा महिन्यांचं तुमचं काम त्यात असतं.

तयारी काय करायची? सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालवू नका. ज्या प्रकल्पात अर्ज करताय त्याचा मूळ मूल्यांकन दस्तऐवज बँकेच्या साइटवर फुकट मिळतो. शंभर पानं आहेत म्हणून घाबरू नका, मागचा निष्पत्ती-निर्देशकांचा, म्हणजे प्रकल्पाने काय साधलं ते मोजायच्या मापांचा, तक्ता पाठ करा. मग त्याच प्रकल्पाचे शासन निर्णय वाचा. दोन्ही वाचलेला उमेदवार क्वचित सापडतो. एक्सेल बऱ्यापैकी आलंच पाहिजे. आणि इंग्रजी अहवाल लिहिता येणं जेवढं लागतं तेवढंच ग्रामसभेत मागच्या रांगेतल्या माणसाचं बोलणं कळणंही लागतं; पुण्या-मुंबईहून आलेल्या हुशार मुलांची इथे पंचाईत होते, आपल्या पोरांची होत नाही. लेखापरीक्षणाला बिचकू नका. उलट लेखापरीक्षक कोणते कागद मागतात ते एकदा शेजारी बसून बघा, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला असं लिहून देणारा कागद) म्हणजे काय ते तिथे कळतं.

घरचे विचारतील, "पर्मनंट आहे का?" नाही. प्रकल्पाला शेवटची तारीख असते. अमरावती विभाग आणि वर्ध्यात आयफॅडच्या (संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीच्या) कर्जावर चाललेला केम हा शेतीविकासाचा प्रकल्प संपला, पोक्रा आणि शेतमालाच्या व्यवसायासाठीचा स्मार्ट प्रकल्प आले. प्रकल्प बदलतात आणि अनुभवी माणसं एकातून दुसऱ्यात जातात. म्हणून एक काम अगदी रुजू झाल्यापासून करा. प्रत्येक वर्षाच्या शेवटी अनुभव प्रमाणपत्र, कामाच्या तपशिलासह, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. प्रकल्प बंद झाला की कक्ष गुंडाळतात, अधिकारी मूळ खात्यात परततात, आणि एजन्सीचा करार संपलेला असतो. मग ते प्रमाणपत्र द्यायला कुणी टेबलावर उरत नाही.