शेतीशाळेचं भाषण होऊ देऊ नका : या चुका टाळा

शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांनी शेतातच पाहून शिकायचा वर्ग, १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भातशेतीत सुरू झाली. तिथे फवारण्या वाढल्या तसे तपकिरी तुडतुडे ही भातावरची कीडही वाढली, कारण त्यांना खाणारे कोळी औषधाने आधी मरत होते. हे ऐकून कुणाला पटत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं, म्हणून वर्ग थेट बांधावर भरवला. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या शेतीशाळा होतात. पण पुष्कळदा मंडप, माईक, हारतुरे आणि चहा, इतक्यावरच भागतं.

नाव सांगून मोकळं होणं. शेतकरी हातात किडा घेऊन येतो : "साहेब, हा कुठला? काय मारू?" तुम्ही नाव आणि औषध सांगितलंत की तिथेच शिकणं थांबलं. उलट विचारा : कुठे सापडला? काय खात होता? पाहिलं नसेल, तर पारदर्शक बरणीत मावा (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) लागलेलं पान घाला, त्यावर तो किडा सोडा, तोंडाला कापड बांधा आणि बरणी त्याच्याच घरी द्या. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी दिसायला काळी, काटेरी. बहुतेकांच्या लेखी ती शत्रूच. ती मावा फस्त करताना एकदा पाहिली की पुढच्या वेळी पंप उचलताना माणूस थबकतो. माहितीपत्रक वाटून एवढं साधत नाही.

शिवारफेरी केली, चर्चा राहिली. चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने झाडं तपासून कागदावर चित्र काढायचं : मधे झाड, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, खाली जमिनीतला ओलावा. मग ठरवायचं, या आठवड्यात फवारायचं का? आणि बाकीच्यांसमोर ते पटवून द्यायचं. वाद अडला की मगच आकडा काढा. कापसात, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं गुलाबी बोंडअळीने किडलेली, ही फवारणीची पातळी.

चूक दाखवून लाजवणं. "उगाच फवारता" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, तो भीतीपोटी फवारतो. त्याच्याशी बोलून कापसाच्या चार ओळी वेगळ्या ठेवा, त्या पातळी ओलांडली तरच फवारायच्या. आणि वेचणीला त्या ओळींचा कापूस वेगळा तोला! इथेच बहुतेकांचं घोडं अडतं : मजूर सगळा कापूस एकाच गाठोड्यात बांधतात आणि हंगामभराची तुलना वाया जाते.

एकच जण बोलत असेल तर पेन त्याच्या हाती द्या. त्याने लिहायचं, बाकीच्यांनी सांगायचं. कुणीच बोलत नसेल तर निदान "समजलं का?" असं विचारू नका, सगळे माना डोलावतील. खुरपणी-वेचणी करणाऱ्या बायकांना बोलवा आणि वेळही त्यांना विचारून ठरवा. त्या रोज झाडाशी असतात, त्यामुळे डोमकळी (बोंडअळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल) बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसते.

कुणी मधेच त्या चार ओळींवर पंप फिरवलाच, तर ओरडू नका. तारीख, औषध आणि खर्च त्याच कागदावर लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात त्याच ओळींतली वीस बोंडं, आत अळी आहे का ते पाहायला, त्याच्याकडूनच फोडून घ्या आणि फवारणीच्या दिवशी सापळ्यात किती पतंग होते, ते गटाला शोधायला लावा.