तळणीच्या तेलातले खोटे ग्रॅम

फोंड्यातल्या एका खानावळीच्या मागच्या दारी मी डबा घेऊन उभी राहिले, तेव्हा मालक म्हणाला, ‘‘बाये, हें तेल कित्याक गो?’’ जिवाणूंना खायला घालणार म्हटल्यावर त्याने हसत डबा काठोकाठ भरला. पैसे घेतले नाहीत. टाकाऊ मालापासून बायोसर्फॅक्टंट, म्हणजे जिवाणूंनी बनवलेला साबणासारखा पदार्थ, बनवण्यात खरोखर फुकट मिळतं ते एवढंच.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मला खरं तर फेणीच्या भट्टीवरचा काजूच्या बोंडांचा चोथा हवा होता. पण बोंडं मार्च ते मे, आणि मी जागी झाले जूनमध्ये. तुम्ही घेणार असाल तर त्याच दिवशी डीप फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर रानटी यीस्ट साखर आधीच फस्त करतं.

तेलावर मी सूडोमोनास एरुजिनोसा वाढवला. नायट्रोजन संपत आला की तो ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा बायोसर्फॅक्टंट सोडतो, आणि पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरचा पृष्ठताण ३०च्या आसपास उतरतो. हा जिवाणू रोगकारक आहे. नवख्याने बॅसिलस सबटिलिस घ्यावा, तो सर्फॅक्टिन हा दुसरा बायोसर्फॅक्टंट देतो. फ्लास्कमध्ये सगळं शहाण्यासारखं चालतं. फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या मोठ्या टाकीत, हवा सोडली की फेस! एका सकाळी तो फिल्टर भिजवून ओट्यावर उतरला होता. फेसनाशक घालाल तर तेही पृष्ठताणाच्या मापात लुडबुड करतं.

माझी खरी फजिती वजनकाट्यावर झाली. जिवाणू वाढलेल्या द्रवात आम्ल घालून पीएच २ केला, रात्रभर ४ अंशांवर ठेवलं, इथाइल ॲसिटेट या द्रावकाने माल ओढून सुकवला: लिटरला नऊ ग्रॅम! मी प्रकल्पाच्या मॅडमकडे धावले. त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं, ‘‘जिवाणू न घातलेला फ्लास्क कुठे आहे?’’ तो नव्हताच. लावला, तर त्यातूनही सहा ग्रॅम ‘माल’ निघाला, म्हणजे न पचलेलं तेल, दुसरं काही नाही. पुढे आम्ल घालण्याआधी हेक्झेन या द्रावकाने तेल काढू लागले आणि आकडा तीनवर आला. या धुण्या-गाळण्याचा खर्च तेलाच्या फुकटेपणाला पुरून उरतो.

आणि तेल एकदाच, भरपूर घ्या; गाळून छोट्या बाटल्यांत ठेवा. माझा पहिला डबा श्रावणातला, निव्वळ भज्यांचा. दुसरा चतुर्थीनंतरचा. त्यात बांगडे तळले होते, आणि दोन्ही डब्यांचे आकडे शेवटपर्यंत जुळले नाहीत.