फोर बाय फोर घेऊन थंडीत निघताय? आधी ब्रेकचं पाहा

डिसेंबर लागला की नागपुरातले थारवाले, जिम्नीवाले मनालीचे प्लॅन करून राहिले असतात, एनएच ४४ पकडला की सरळ उत्तरेलाच जातो ना. जा भाऊ, बिनधास्त जा, पण एक गोष्ट डोक्यात फिट करून जा. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. बर्फात चढ सहज चढली म्हणून माणूस फुशारतो आणि उतरताना पहिल्याच वळणावर गाडी सरळ निघून जाते.

आधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते माहीत करून घ्या. थार, जिम्नी यांचं पार्ट टाइम फोर बाय फोर आहे, लिव्हर आपणच टाकायचा. मधे सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) ठेवून वळवलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो, स्टिअरिंग अडकल्यासारखं वाटतं. एक्सयूव्ही ७०० च्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हे गाडी स्वतःच पाहते, पण तिथे फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) नसतो, म्हणजे खडी उतरण आली की जपून.

निघायच्या आधी रेडिएटर पाहा. आपल्याकडे मे महिन्यात कूलंट कमी झालं की नळाचं पाणी टाकायची सवय असते, नागपुरात ते चालूनही जातं, इथे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला होता तरी गोठण्यापर्यंत काही गेला नाही. वर मनालीत रात्री शून्याखाली जातो आणि साधं पाणी गोठून इंजिन फोडू शकतं. कूलंट पूर्ण काढून कंपनीने सांगितलेलं, साधारण अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं भरून घ्या. वायपरच्या टाकीतही नुसतं पाणी नको. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला, थंडीत तिची ताकद बरीच कमी होते.

टायरचं लोकांना पटत नाही. ऑल टेरेन टायर म्हणजे बर्फाचे टायर नव्हेत, भले कितीही दणकट दिसोत. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होतं, पकड जाते. खऱ्या बर्फाच्या टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, म्हणून स्नो चेन, म्हणजे टायरवर चढवायची साखळी, घ्या, आणि ती घरी पार्किंगमध्ये दिवसाउजेडी एकदा चढवून पाहा, कारण तिथे बोटं बधिर झालेली असताना मागे हॉर्नची लाइन लागते. कोणत्या चाकांना लावायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, सगळ्या गाड्यांना एकच नियम नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा.

आता रस्ता. बर्फ यायच्या कितीतरी आधी धुकं येतं. नागपुरातून पहाटे निघालात तर पेंचच्या पट्ट्यातच भेटेल, तिथे जनावरांसाठी हायवे उंच करून खालून वाट ठेवली आहे तरी वेग कमीच ठेवा. पुढे आग्रा-दिल्लीकडे धुकं लय दाट असतं. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, हाय बीम धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून ठेवू नका, तुम्ही थांबलात की चाललात हे मागच्याला कळत नाही आणि वळायचा सिग्नलही दिसत नाही. इकडे आपल्या बाजूलाही कापसाने भरलेले ट्रॅक्टर, रिफ्लेक्टर नाही काही नाही, असे असतात, त्यामुळे दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढीच स्पीड. काचा धूसर झाल्या तर एसी आणि हीटर दोन्ही चालू करा, हवा कोरडी होते.

मनालीच्या वर अटल टनेल, ९.०२ किलोमीटर, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालं. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या पुढे बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात. टनेलच्या आत कोरडा रस्ता असतो, तिथे चेन काढून टाका, नाहीतर टायर आणि चेन दोन्ही खराब होतात. बाहेर सावलीतल्या वळणांवर, पुलांवर ब्लॅक आइस असतो, रस्ता नुसता ओला दिसतो पण ती काचेसारखी पातळ बर्फाची थर असते.

चालवायची पद्धत काळ्या मातीच्या चिखलासारखी: चाक जागच्या जागी फिरू द्यायचं नाही, ॲक्सिलरेटर हळू, मधेच झटका नाही. फोर हाय बर्फ लागायच्या आधी टाका, अडकल्यावर नाही. उतरताना पार्ट टाइमवाल्यांनी गाडी थांबवून फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिनलाच गाडी धरू द्या. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा आठ-दहापट अंतर, हो, तेवढं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर इमर्जन्सीत ब्रेक दाबून धरायचा, पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही. मागची बाजू सटकली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, जिकडे जायचं तिकडे पाहा आणि स्टिअरिंग तिकडेच हलकं वळवा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल किंवा लायनिंग गोठून सकाळी चाक जाम होतं. सपाट जागा पाहा, गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि चाकाखाली दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. डिझेलवाल्यांनी लडाखकडे जायचं असेल तर खालच्या डिझेलवर भरवसा ठेवू नका, ते थंडीत मेणासारखं घट्ट होतं, इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिकडच्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर डिझेल काढलं आहे, वर पोचेस्तोवर टाकी खाली करत न्या आणि तिकडचंच भरा.