उतारवयात पोट आणि पाय एकत्र कसे सांभाळावेत

सत्तरीनंतर पोट साफ होत नाही म्हणून एका डॉक्टरांकडे आणि पाय सुजतात म्हणून दुसऱ्याच डॉक्टरांकडे जाणारी माणसं घरोघरी आहेत. एकाने दिलेली गोळी दुसऱ्याला माहीतच नसते. म्हणून आधी घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णांसकट, एका पिशवीत भरून नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. मनाने मात्र काहीच बंद करू नका.

आता सकाळ. चहा-नाश्ता पोटात गेला की आतडी हलू लागतात, तेव्हाच संडासला जायची सवय लावा. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट घ्या. कुंथू नका. कुंथताना भोवळ येऊन माणसं तिथेच पडतात, त्यामुळे आतून कडीही नको. घरच्यांना सांगून ठेवा, लाज कसली त्यात? इसबगोल ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यावं, पाणी कमी पडलं तर ते घशात अडकू शकतं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर इसबगोलबद्दल त्यांनाच विचारा.

भरपेट जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं आणि या वयात रक्तदाब उतरू शकतो. वरणभात थोडा थोडा, दिवसातून चार वेळा खाल्लेला बरा. हात धुतले की लगेच दादरच्या पुलाचे जिने चढायला निघू नका, घटकाभर बसा.

पायांतलं रक्त वर ढकलतात ते पोटऱ्यांचे स्नायू. लोकलमध्ये बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा, शिवाजी पार्कला झेपेल तेवढं चाला, दुपारी पाय उशीवर ठेवून पडा. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर तो जात असेल, तर धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तपासणीशिवाय घट्ट मोजे घालू नयेत. मधुमेह्यांनी पाय शेकू नयेत, बधिर पायाला चटका कळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गुडघ्यांसाठी केमिस्टकडून परस्पर वेदनाशामक आणू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. संडास काळी, चिकट झाली किंवा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर 108 ला फोन करा.