वाडीभोवती छोट्या रेल्वेचे रूळ कसे टाकायचे, आमच्या अनुभवावरून

सगळ्यात आधी लोखंड आणायला जाऊ नका. एक पावसाळा जाऊ द्या आणि त्या चार महिन्यात छत्री घेऊन वाडीत फिरा, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, गडग्याच्या कुठल्या फटीतून बाहेर पडतं ते बघून तिथे तिथे खुंट्या मारून ठेवा. आम्ही हे केलं नव्हतं. मे महिन्यात घाईघाईने घरामागच्या सपाट जागेत माती चोपली, त्यावर रूळ टाकले, दिसायला इतकं सुंदर दिसत होतं आणि जूनमध्ये पाटाच्या बाजूचं अख्खं वळण चार बोटं खाली बसलं. आंब्याच्या फळ्यांचे स्लीपर, म्हणजे रुळाखाली आडव्या टाकायच्या पट्ट्या, होते, ते दिवाळीपर्यंत वाळवीने पोखरून टाकले. सगळं उचललं, परत पहिल्यापासून केलं, आता तीन पावसाळे झाले आणि काही हललेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आणि हे काही आपल्याच नशिबात आहे असं नाही हां. माथेरानची लाईन १९०७ पासूनची, पण २००५ च्या जुलैच्या पावसात तिचाही रूळ ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. डोंगरात काय आणि वाडीत काय, रेल्वेचं पहिलं काम पाणी बाजूला काढायचं, गाडी त्यानंतर.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कुठलं घ्यायचं? ज्यावर मुलं आणि मोठी माणसं दोघंही बसू शकतील असं हवं असेल तर १८४ मिमी, म्हणजे सव्वासात इंच. माथेरानचं ६१० मिमी आहे, म्हणजे आपलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. ब्रिटनमध्ये बागेतल्या बसायच्या गाड्यांसाठी हे माप जुनं आणि रुळलेलं आहे. पाच इंची म्हणजे १२७ मिमी वरही माणूस बसतो पण जरा कललं की तोल जातो. ४५ मिमीच्या बागेतल्या गाड्या, ज्या एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ पासून आणल्या, त्या बघायला फार गोड, पण त्यात बसता येत नाही आणि आमच्याकडे फणसाचं एक पान रुळावर पडलं तरी ती गाडी अडेल.

जागेचा हिशोब. वळणाची त्रिज्या कमीत कमी १० मीटर ठेवा, छोट्या डब्यांना ती पुरते, जास्त जमत असेल तर जास्तच ठेवा. दोन अर्धगोल १० मीटरचे आणि मध्ये १८-१८ मीटरचे दोन सरळ तुकडे धरले तर साधारण ९९ मीटर लाईन होते आणि कडेची जागा धरून २२ बाय ४० मीटर, म्हणजे जवळपास पावणेनऊ गुंठे लागतात. मधली जागा वाया जात नाही, आमची भाजी आणि केळी सगळी आतच आहेत. माडाच्या खालून लाईन नेऊ नका, नारळ कधी पडेल सांगता येत नाही आणि विहिरीच्या कठड्यापासून तर चांगलं लांबून काढा. कलमांच्या मुळांवरही खणू नका, वळण थोडं बदला पण झाड सांभाळा.

आता तळ, आणि यातच अर्धी मेहनत आहे. दीड फूट रुंद आणि साधारण पाऊण फूट खोल चर खणायचा, तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा आणि उतार जिथे संपतो तिथून पाणी बाहेर जायला वेगळा चर काढायचा. तळाशी जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे पाणी खाली जाऊ देणारं, कापड टाका, प्लॅस्टिक अजिबात नको कारण ते पाणी धरून ठेवतं. त्यावर क्रशरची खडी, १२ मिमीची, कोनेदार. नदीतली गोल खडी स्वस्त मिळते पण ती एकमेकांत अडकत नाही, घसरत राहते. स्लीपरखाली चांगला चार-पाच इंच थर दाबून हवा. १०० मीटरला सुमारे दोन ब्रास खडी लागते. आमची जांभ्याची जमीन आहे, पाणी पटकन जिरतं, पण देशावर काळ्या मातीत असाल तर ती माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते म्हणून दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरून धुमशाने ठोकून घ्या आणि मगच खडी.

लेव्हल गवंड्याच्या पाण्याच्या नळीने काढा, त्याहून भारी काही लागत नाही. चढ ८० ला १ पेक्षा जास्त नको, म्हणजे तीन मीटरमागे पावणेचार सेंटीमीटर. माथेरानला २० ला १ पर्यंत चढ आहेत पण ते इंजिन वेगळं आणि तो ब्रेक वेगळा, घरी मुलं बसणार आहेत.

रूळ म्हणजे साधी एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, पट्टी, २५ बाय १० मिमी, उभी ठेवून वापरायची. मीटरला जवळजवळ दोन किलो वजन. बाजारात सहा मीटरच्या येतात, त्या मधोमध कापून तीन-तीन मीटरचे शिडीसारखे पॅनल करा, एक पॅनल १५-१६ किलोचं होतं, एकटं माणूस उचलून नेतं, काही बिघडलं तर तेवढंच काढता येतं. स्लीपरला २५ बाय २५ बाय ३ मिमीचा एल आकाराचा अँगल, ३० सेंटीमीटर लांब, दर २५ सेंटीमीटरवर एक. अँगल असा लावायचा की एक पाय सपाट वर आणि दुसरा खाली खडीत घुसलेला, त्यामुळे वळणावर लाईन बाजूला सरकत नाही. १०० मीटरला सगळं मिळून सव्वापाच क्विंटलच्या आसपास लोखंड लागतं, खरेदीला जाताना एवढा आकडा डोक्यात असू द्या. लाकूडच हवं असेल तर ऐन किंवा किंजळ, पण जमिनीला टेकलेलं कुठलंही लाकूड आमच्याकडे वाळवीपासून कायमचं वाचत नाही आणि काळं ऑइल चोपडलं तर ते झिरपत विहिरीकडे जातं. मला ते पटत नाही.

वेल्डिंगसाठी बरोबर १८४ मिमीचे दोन-तीन लोखंडी ठोकळे करून घ्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवायचे, क्लॅम्प मारायचे आणि मगच वेल्डिंगचे छोटे टाके. वळणावर चाकं घासू नयेत म्हणून गेज दोन-तीन मिमी जास्त ठेवा, त्यासाठी ठोकळे वेगळे. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, मग एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला असं करत भरा, एका बाजूने सलग भरत गेलात तर तापून पॅनल केळ्यासारखं वाकतं. टाके बाहेरच्या बाजूने मारा, आत चाकाची कड फिरते.

वळणासाठी पट्टी रोलरमधून काढायला फॅब्रिकेशनवाले पैसे सांगतील, पण १० मीटरच्या त्रिज्येला १० मिमी जाडीची पट्टी हातानेच वाकते. जमिनीवर सळईचे तुकडे गोलाईत ठोकून त्यांच्यात अडकवून धरा आणि तसंच वेल्ड करा. मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब लागतो, तीन मीटरच्या पॅनलला साधारण सहा सेंटीमीटरने, म्हणजे सहा मीटरची पट्टी मधोमध कापली तर बाहेरचा तुकडा कमी पडतो. सोपं म्हणजे पॅनल जरा आखूड करा, बाहेरचा रूळ पूर्ण तीन मीटरचा ठेवा आणि आतला सहा सेंटीमीटर कापा.

गोलाई तपासायची युक्ती मला फार आवडते. दोन मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकं टेकवून ताणा आणि मधोमध दोरी ते रूळ अंतर मोजा, १० मीटरच्या वळणावर ते बरोबर पाच सेंटीमीटर येतं. आपली भारतीय रेल्वे २० मीटरची दोरी लावून हेच करते, त्याला वर्साइन म्हणतात. सरळ लाईनीवरून एकदम १० मीटरच्या वळणात शिरू नका, मध्ये दोनेक मीटर २० मीटर त्रिज्येचे द्या, तिथे दोरीखाली अडीच सेंटीमीटर यायला हवं. हे केलं नाही तर बसलेल्या माणसाला प्रत्येक वळणावर झटका बसतो.

जोडाला फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी बोल्टची पट्टी, भोकं लांबट ठेवा. तीन मीटरचा रूळ जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दीड मिमीच्या वर वाढतो, तेव्हा थंडीत जोडत असाल तर दोन मिमी फट सोडा, मेच्या भर दुपारी जोडत असाल तर टेकवून जोडा. फट अजिबात न ठेवता सगळं वेल्ड करून टाकलेलं एक घर मी बघितलंय, उन्हाळ्यात लाईन नागासारखी वळली होती.

लाईन मांडली की गाडी लगेच नको. साध्या ट्रॉलीवर सिमेंटची दोन पोती, म्हणजे १०० किलो, टाकून हाताने ढकलत चार फेऱ्या मारा आणि कान देऊन ऐका, कुठे खट्ट होतंय, कुठे चाक घासतंय. जिथे लाईन खाली बसेल तिथे पॅनल उचलून खाली खडी ठोका, रुळावर घाव घालू नका. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा खाली कधीही नको, बरोबरीत असला तरी चालेल कारण आपण चालण्याच्या वेगानेच जाणार. बसायची सीट जितकी खाली तितकं बरं, पाय दोन्ही बाजूंच्या फळीवर.

म्हशींच्या वाटेवर आणि स्कूटर आत येते तिथे रूळ जमिनीच्या बरोबरीला घेतले आहेत, दोन्ही बाजूंना काँक्रीट आणि रुळाच्या आतून चाकाच्या कडेला बोटभर गाळा मोकळा. हा गाळा रोज झाडावा लागतो.

लोखंडाला बाजूंनी रेडऑक्साईड आणि वर रंग, रुळाची वरची कड मोकळी, ती चाकांनी घासूनच चकचकीत राहते. गवत वाढू देऊ नका, खडीत आणि जांभ्याच्या फटीत फुरसं बसतं, म्हणून गाडी सुटायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसाने काठी घेऊन पूर्ण फेरी मारायची हा आमच्या घरी नियम आहे. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो घातला आणि सकाळची फेरी तेच मारतात. पावसाळ्यात गाडी बंद, पण फेरी बंद नाही, उलट तेव्हा फावडं सोबत असतं आणि चरात पालापाचोळा अडकला असेल तर तिथल्या तिथे काढला जातो.