वॉक सायकल सबमिट करण्याआधी
वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याचं पुन्हापुन्हा फिरणारं अ‍ॅनिमेशन, करताना पहिल्या फ्रेमपासून सरळ काढत सुटू नका. आधी दोन्ही कॉन्टॅक्ट पोझ (दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, एकदा डावा पुढे, एकदा उजवा), मग मधली पासिंग (एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जातो ती). डाउन (अंग सगळ्यात खाली) आणि अप (अंग सगळ्यात वर) त्यानंतर. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, तर १२ चित्रांत दोन पावलं बसतात. डाउनला वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो, डोकं सगळ्यात खाली जातं. इथे कंजुषी केलीत की पात्र तरंगलंच म्हणून समजा. मी नऊवारीतली आजी घेतली होती. पदराचं टोक अंगाच्या दोन चित्रं मागे ठेवलं, तेव्हा कुठे ती चालायला लागली. (सरांनी पदरच बघितला, पायांकडे कुणाचं लक्षच नाही!) आणि तेरावं चित्र काढू नका, ते पहिलंच असतं, दोन्ही ठेवलीत तर लूप तिथे अडखळतो.